कानातला नाद आणि मुखातले नाम

वारकरी सज्जनहो, आजच्या निरूपणाचा विषय ऐकून काहींना वाटेल की महाराजांनी कीर्तनाची गादी सोडून दवाखान्यात कथा लावली. तसे नाही. भगवद्गीतेच्या तेराव्या अध्यायात भगवंतांनी देहाला क्षेत्र म्हटले आणि ते जाणणाऱ्याला क्षेत्रज्ञ म्हटले, हे आपण नेहमी ऐकतो. पण क्षेत्रात काय काय मोडते याची यादीही भगवंतांनी तेथेच दिली आहे, ती आपण घाईने ओलांडून जातो. त्या यादीत पंचमहाभूते आहेत, दहा इंद्रिये आहेत, म्हणजे कान आले, मन आहे, आणि त्याहून नवलाची गोष्ट अशी की इच्छा, द्वेष, सुख, दुःख आणि धृती हीसुद्धा त्याच यादीत आहेत. धृती म्हणजे धीर, नेट, उमेद. ती वाढणे किंवा मावळणे हा शेताचा धर्म झाला, शेताच्या धन्याचा नव्हे. आणि पुढे लगेच ज्ञानाची लक्षणे सांगताना जन्म, मृत्यू, जरा आणि व्याधी यांतले दोष नीट न्याहाळणे हेही ज्ञानाचेच लक्षण सांगितले आहे. तेव्हा व्याधीकडे उघड्या डोळ्यांनी पाहणे हे परमार्थाच्या बाहेरचे काम नाही.

आता व्याधी तर पुष्कळ आहेत. मग या दोनच का घेतल्या? तर या दोन व्याधी परमार्थाचा वेष घेऊन येतात. एक आहे कर्णनाद, म्हणजे बाहेर काही वाजत नसता कानात अखंड वाजत राहणे. डॉक्टर त्याला टिनिटस म्हणतात. दुसरी आहे गळ्यातील थायरॉईड नावाची ग्रंथी मंदावणे. पहिलीला भाविक माणूस सिद्धी समजतो, दुसरीला पाप समजतो, आणि दोन्हीकडे वैद्याचे दार चुकते. प्रस्तुत लेखकाच्या देहात गेली काही वर्षे या दोघींनी एकदमच बिऱ्हाड केले आहे, त्यामुळे दोघींचाही स्वभाव थोडाफार ओळखीचा झाला आहे. म्हणून हे चार शब्द.

प्रथम कर्णनाद. कोणाला रातकिडा ऐकू येतो, कोणाला शिट्टी, कोणाला शेगडीवरच्या पाण्यासारखा सूं आवाज, कोणाला लांबवरची घंटा. दिवसा माणसांच्या गलबल्यात तो दबतो. रात्री दिवा मालवला की डोके वर काढतो. हा रोग नव्या जमान्याने आणला असे समजू नका. सुश्रुतसंहितेच्या उत्तरतंत्रात अठ्ठावीस कर्णरोग सांगितले आहेत, त्यांत हा आहे. माधवनिदानात याचे लक्षण देताना भेरी, मृदंग आणि शंख यांचे ध्वनी ऐकू येतात असे सांगितले असून, त्याचाच भाऊबंद जो कर्णक्ष्वेड, त्यात वेळूच्या बासरीसारखा स्वर येतो असे म्हटले आहे.

आता गंमत पाहा. हठयोगप्रदीपिकेचा चौथा उपदेश काढा. तेथे नादानुसंधानाचे प्रकरण आहे. साधकाला प्रथम समुद्र, मेघ, भेरी यांसारखा नाद ऐकू येतो, मध्ये शंख आणि घंटा यांसारखा, शेवटी बासरी, वीणा आणि भुंगा यांसारखा, असा क्रम तेथे दिला आहे. म्हणजे वैद्याच्या पोथीतही भेरी, शंख आणि बासरी. योग्याच्या पोथीतही भेरी, शंख आणि बासरी! मग येथे शंका उद्भवते की, ज्याच्या कानात बासरी वाजते त्याने आनंदाने पेढे वाटावेत की औषध घ्यावे? पुष्कळ भाविक हा प्रश्न विचारतात, आणि विचारताना त्यांच्या डोळ्यांत आशा असते की महाराजांनी म्हणावे, "माऊली, तुम्हांला अनाहत लागला."

याचे समाधान असे. ज्ञानेश्वर महाराजांनी सहाव्या अध्यायात कुंडलिनीचे आणि अनाहताचे जे वर्णन केले आहे ते सत्यच आहे. त्याविषयी वाद नाही. पण वस्तू ओळखायची तर केवळ रूपावरून ओळखू नये, फळावरून ओळखावी. योग्याचा नाद आसन घातल्यावर, कान बोटांनी मिटल्यावर, दीर्घ अभ्यासाने येतो. हा नाद बाजारात भाजी घेताना येतो, जेवताना येतो, रात्री दोन वाजता येतो. याला कोणी बोलावलेले नसते. योग्याच्या नादात मन मध प्यायलेल्या भुंग्यासारखे निवते, विषयांकडे धावत नाही. या नादाने झोप उडते, माणूस चिडतो, घरच्यांवर खेकसतो. ज्याने मन निवते ते साधन. ज्याने मन पिसाटते त्याला साधन कसे म्हणावे? आणि शेवटची गोष्ट आपल्या संप्रदायाची. वारकरी पंथात नाद ऐकू येणे ही पायरी कोणी सांगितलेलीच नाही. आपल्याला टाळ, वीणा, चिपळी आणि मुखात नाम एवढेच सांगितले. तेव्हा कानात बासरी वाजली तरी परमार्थ वाढला नाही, न वाजली तरी कमी झाला नाही. ती वाजली तर कानाच्या डॉक्टरांना दाखवावी.

दाखवण्याचे कारण केवळ शंकानिरसन एवढेच नाही. कित्येकदा कानात मळ घट्ट बसलेला असतो आणि तो काढला की नाद थांबतो. कित्येकदा ऐकणे मंद झालेले असते आणि श्रवणयंत्र लावल्यावर नाद मागे सरतो. वेदनाशामक गोळ्या आणि काही प्रतिजैविके यांच्यानेही हा सुरू होतो. पण चार प्रसंगी मुळीच थांबू नये. एका कानाने अचानक ऐकू येईनासे होऊन नाद सुरू झाला तर त्याच दिवशी डॉक्टर गाठावा, कारण त्या उपचाराला काळाची मर्यादा आहे. आठवड्यांनी गेलेल्याचा कान पुष्कळदा परत येत नाही. नाद नाडीच्या ठोक्याबरोबर धडधडत असेल, किंवा एकाच कानात सतत असेल, किंवा सोबत चक्कर येत असेल किंवा तोंड वाकडे होत असेल, तरीही तपासणी हवीच. अशा वेळी "अनाहत आहे, जपा" म्हणून सांगणाऱ्याने त्या माणसाचा कान घालवला असे समजावे.

आता हा नाद होतो कसा, हे आपल्या ओळखीच्या गोष्टीवरून सांगतो. आतल्या कानात गोगलगाईच्या शंखासारखी एक नळी आहे. तीत सूक्ष्म केसांच्या पेशी शेतातल्या उभ्या पिकासारख्या ओळीने उभ्या असतात. एका कानात सुमारे पंधरा हजार. बाहेरचा आवाज आला की हे पीक डोलते आणि मेंदूला वर्दी जाते. वयाने किंवा मोठ्या आवाजाने हे पीक आडवे झाले की माणसाच्या कानात ते पुन्हा उगवत नाही. मग ज्या स्वराची वर्दी येईनाशी होते, त्या स्वरासाठी मेंदू आपली श्रवणशक्ती वाढवू लागतो. कीर्तनात हे आपण पाहिलेले आहे. माईकमध्ये बोलणाऱ्याचा आवाज पोहोचेना की कर्णेवाला पोऱ्या बटण पिळत जातो, आणि बोलणे राहते बाजूला, कर्णाच घूं घूं करू लागतो. कर्णनादाची जात बहुधा अशीच आहे. जगभरच्या पाहण्या एकत्र करून २०२२ साली जो हिशेब मांडला गेला त्यात प्रौढ माणसांपैकी सुमारे १४ टक्क्यांना हा अनुभव येतो आणि सुमारे २ टक्क्यांना तो फार छळतो, असे दिसले. म्हणजे शंभर माणसांची दिंडी धरली तर तीत चौदाजण कानात काहीतरी घेऊन चालत आहेत, आणि बोलत नाहीत.

येथे फडकऱ्यांना आणि सप्ताह भरवणाऱ्या मंडळींना एक विनंती आहे. कामाच्या ठिकाणी ८५ डेसिबलचा आवाज आठ तासांपेक्षा अधिक कानावर पडू नये आणि पुढे दर तीन डेसिबलला ती वेळ निम्मी करावी, असा एक सर्वमान्य हिशेब आहे. पत्र्याच्या मंडपात चाळीस टाळ, दोन पखवाज आणि वर कर्णे, यांचा आवाज या मर्यादेच्या कितीतरी वर जातो. देवाला मोठ्याने हाक मारावी हे खरे. पण विठ्ठल बहिरा नाही, आणि टाळकऱ्यांना बहिरे करून त्याला काय मिळायचे आहे? कर्ण्यांची तोंडे टाळकऱ्यांच्या कानाशी ठेवू नयेत, लहान मुलांना त्यांच्यापुढे बसवू नये, आणि पखवाजी-टाळकऱ्यांना अधूनमधून मंडपाबाहेर विसावा द्यावा. कानात कापूस कोंबून फारसे काही साधत नाही. औषधाच्या दुकानात मऊ स्पंजची बुचे मिळतात, ती चालतात. आणि मोठ्या माणसांनी सांगितले म्हणून कानात कढत तेल ओतू नये. पडदा शाबूत आहे की नाही हे वैद्याने पाहिल्यावाचून कानात काहीही घालू नये.

असो. आता दुसरी व्याधी. ही पहिलीपेक्षा लबाड आहे, कारण ही वाजत नाही. हळूहळू येते, वर्ष-दोन वर्षे घेते. माणूस थकतो. पहाटे काकड्याला उठवत नाही. थंडी जास्त वाजते, त्वचा कोरडी होते, केस गळतात, पोट साफ होत नाही, खाणे तेवढेच असून वजन वाढते, तोंड सुजल्यासारखे दिसते, नाडी मंद होते. पाठ असलेले चरण आठवत नाहीत. उदास वाटते. आणि गाणाऱ्याच्या बाबतीत आवाज जाड होतो, घोगरा होतो, वरच्या स्वराला पोहोचत नाही. आता यांतले एकेक लक्षण घेऊन पाहा. उठवत नाही, आठवत नाही, उत्साह नाही, नामात मन लागत नाही. ही तर तमोगुणाची लक्षणे म्हणून पोथ्यांत दिली आहेत! म्हणून आजारी माणूस स्वतःलाच दोष देतो, आणि घरचे तर देतातच. सूनबाई असेल तर विचारूच नका. "आळशी आहे, दिवसभर लोळते," हे शब्द तिला रोज ऐकावे लागतात. आणि हा विकार पुरुषांपेक्षा बायकांना कितीतरी पट अधिक होतो. ती बिचारी एकादशी करते, पारायण करते, आणि देवाला विचारते की माझे कोणते पाप आड आले? पाप आड आलेले नाही, माऊली. गळ्यातली एक वीस-पंचवीस ग्रॅमची गाठ थकली आहे.

मग तमोगुण आणि हा रोग यांत भेद कसा करावा? साधी खूण सांगतो. तमोगुणी माणसाला उठायचे नसते, आणि न उठल्याचे त्याला दुःख नसते. रोग्याला उठायचे असते, देह उठत नाही, आणि न उठल्याचे दुःख त्याला दिवसभर खाते. एकाची इच्छा झोपली आहे, दुसऱ्याची इच्छा जागी असून गाडीचे बैल बसले आहेत. पण ही खूणही कच्ची समजावी, कारण हा रोग वाढला की इच्छासुद्धा मावळते. धृतीही क्षेत्रातच मोडते हे आरंभी सांगितले ते यासाठीच. पक्की खूण रक्ताच्या तपासणीची.

त्या तपासणीत टीएसएच नावाचा आकडा येतो, आणि तो पाहून लोक गोंधळतात. "महाराज, माझा आकडा वाढला आहे, आणि डॉक्टर म्हणतात थायरॉईड कमी आहे, हे कसे?" वारीतल्या चोपदाराचे उदाहरण घ्या. मेंदूखाली एक ग्रंथी आहे, ती चोपदार. गळ्यातली थायरॉईड ही दिंडी. दिंडी वेळेवर चालत असेल तर चोपदाराला एखादी हाक पुरते. दिंडी बसून राहिली की तो हाकेवर हाक देतो. टीएसएच म्हणजे या हाकांची मोजदाद. हाका वाढल्या म्हणजे दिंडी धावते आहे असे नव्हे. दिंडी बसली आहे असे समजावे. साधारणतः ०.४ ते ४ इतका आकडा ठीक मानतात. भारतातल्या आठ शहरांत केलेल्या आणि २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत सुमारे ११ टक्के प्रौढांत हा विकार आढळला. पुष्कळांत शरीराची संरक्षक शक्तीच चुकून या ग्रंथीवर उठते. जपानी वैद्य हाशिमोतो यांनी १९१२ साली त्याचे वर्णन केले, म्हणून त्यांचे नाव त्या विकाराला आहे. काही ठिकाणी आयोडिनाची उणीव हे कारण असते. म्हणून १९६२ सालापासून आपल्या देशात मिठात आयोडीन घालण्याचा कार्यक्रम सुरू झाला. उपवासाला शेंदेलोण वापरतात, त्यात ते बहुधा घातलेले नसते. उपवासापुरते चालेल, पण सोवळ्याच्या नावाखाली बारा महिने तेच खाऊ नये.

या विकाराला औषध आहे आणि ते चांगले आहे. जो रस ग्रंथी करीत नाही, तोच गोळीतून द्यायचा. त्या गोळीला लेव्होथायरॉक्सिन म्हणतात. पण गोळीचे पथ्य आहे. पहाटे उपाशीपोटी, नुसत्या पाण्याबरोबर घ्यावी, आणि पुढे अर्धा ते एक तास चहा, दूध, काही नाही. लोहाच्या आणि कॅल्शियमच्या गोळ्या तिच्यापासून चार तास दूर ठेवाव्यात. येथेच वारकऱ्यांचे अडते. आळंदीहून पंढरपूर सुमारे अडीचशे किलोमीटर. पहाटे राहुटीत डोळा उघडतो तो चहाच्या किटलीच्या आवाजाने. तेव्हा उठल्याबरोबर तोंड धुऊन गोळी, मग स्नान, मग हरिपाठ, आणि मग चहा, असा क्रम लावावा. हरिपाठाएवढा वेळ गोळीला पुरतो. गोळ्या कोरड्या डबीत, पिशवीच्या आत ठेवाव्यात. पावसाने आणि उन्हाने त्यांचा गुण जातो.

दुसरी अडचण एकादशीची. कित्येक निष्ठावंत माणसे एकादशीला गोळी टाळतात, कारण व्रत मोडेल. धर्मशास्त्राने व्रत न मोडणाऱ्या आठ गोष्टी सांगितल्या आहेत: पाणी, मूळ, फळ, दूध, हविष्य, ब्राह्मणाची इच्छा, गुरूचे वचन आणि औषध. आठवी गोष्ट औषध आहे. शास्त्राने जे सोडवले ते आपण का बांधावे? उलट निर्जळ उपवासाच्या हट्टाने औषध टाळणे हा व्रतापेक्षा अहंकाराचा भाग अधिक.

तिसरी अडचण सर्वांत मोठी. गोळीने बरे वाटू लागले की माणूस गोळी सोडतो. आणि फसतो कसा पाहा. या औषधाचा निम्मा अंश सुमारे आठवडाभर रक्तात राहतो, त्यामुळे सोडल्यावर दुसऱ्या दिवशी काही होत नाही, आठ दिवसांनीही फारसे होत नाही. तो म्हणतो, "पाहा, माझ्या श्रद्धेने मी बरा झालो." महिन्या-दोन महिन्यांनी पुन्हा गळून जातो, आणि तेव्हा त्याला गोळी आठवत नाही, शनी आठवतो! बहुतेकांना ही गोळी जन्मभर घ्यावी लागते. तशीच ती मनाने वाढवूही नये. जास्त झाली तर छाती धडधडते आणि हाडे झिजतात. मात्रा बदलल्यावर सहा ते आठ आठवड्यांनी तपासणी करून डॉक्टरांनाच ठरवू द्यावे. आणि घरात सून किंवा मुलगी गर्भवती असेल तर ही तपासणी टाळूच नये. बाळाच्या मेंदूची वाढ त्यावर अवलंबून असते.

आता कोणी विचारील, या दोन व्याधींचा परस्परांशी संबंध काय? काही रोग्यांत थायरॉईड मंदावल्यामुळे ऐकणे कमी होते आणि कर्णनादही होतो. म्हणून कान वाजू लागला की ही तपासणी करून घेणे शहाणपणाचे. उपचाराने काहींचा नाद कमी होतो; सर्वांचा होत नाही. प्रस्तुत लेखकाचे सांगायचे तर गोळी सुरू झाल्यावर काही महिन्यांत आवाज मोकळा झाला, काकड्याला पाय आपोआप उठू लागले, विसरलेली प्रमाणे परत आली. कानातला रातकिडा मात्र जेथे होता तेथेच आहे. हे लिहीत असतानाही वाजतो आहे. म्हणजे एका व्याधीला औषध मिळाले, दुसरीला सोबत द्यावी लागली. देहात राहायचे म्हणजे असेच असते. काही दुखणी निघतात, काहींशी संसार करावा लागतो. संसार कसा करावा हे आता सांगतो.

बालपणी पाठशाळेत तर्कसंग्रह शिकताना अन्नंभट्टांनी शब्दाचे दोन प्रकार सांगितलेले पाठ करावे लागत. एक ध्वनिरूप, दुसरा वर्णरूप. ध्वनीचे उदाहरण भेरी, वर्णाचे उदाहरण भाषा. तेव्हा ते परीक्षेपुरते वाटले. आता त्याचा खरा उपयोग कळतो. कानात जे वाजते तो ध्वनी आहे. त्याला अर्थ नाही. तो "अनाहत लागला" असे म्हणत नाही, "पाप फळाला आले" असेही म्हणत नाही, "आता वेड लागणार" असेही म्हणत नाही. हे सारे अर्थ आपण रात्रीच्या अंधारात त्याला जोडतो, आणि मग त्या अर्थाला भिऊन जागे राहतो. नाम मात्र वर्णरूप आहे. त्याला अर्थ आहे, त्यात संबंध आहे, त्यात कोणीतरी आहे. ध्वनी काढून टाकणे आपल्या हाती नसेल. पण अर्थ कोठे ठेवायचा हे आपल्या हाती आहे.

आजचे डॉक्टरही शेवटी येथेच येतात. नाद पुसून टाकील असे खात्रीचे औषध आजवर नाही, असे ते स्पष्ट सांगतात. पण मनाचा त्याच्याशी असलेला झगडा समुपदेशनाने सोडवता येतो, आणि मग नाद असूनही त्रास उतरतो. पतंजलींनी मैत्री, करुणा, मुदिता यांच्याबरोबर उपेक्षा शिकवली. उपेक्षा म्हणजे राग नव्हे. रागावलेला माणूस शत्रूला क्षणभर विसरत नाही. उपेक्षा म्हणजे पिठाच्या गिरणीशेजारी राहणाऱ्याने गिरणीशी ठेवलेला संबंध. नवा भाडेकरू पहिले आठ दिवस झोपत नाही, वर्षाने तो म्हणतो, "कसली गिरणी?" गिरणी तीच, कान तेच; मनाने तिची दखल घेणे सोडले. पण जो रोज पहाटे उठून "आज गिरणी चालू आहे का" असे कान लावून पाहतो, त्याची गिरणी कधी थांबत नाही. कर्णनादाची अशी रोज हजेरी घेऊ नये.

रात्रीची युक्ती अशी. संपूर्ण शांतता शोधत बसू नये. शांततेत तो मोठा होतो. पंखा चालू ठेवावा किंवा तंबोऱ्याचा मंद सूर लावून ठेवावा, कर्णनादापेक्षा किंचित लहान, म्हणजे तो बुडायला नको, नुसता सोबतीला सोबत मिळावी. मौन जप ज्यांना जड जातो त्यांनी ओठांत पुटपुटत जप करावा. पुष्कळजण विचारतात, "महाराज, हा नाद असताना ध्यान कसे होणार?" अहो, आपल्या ज्ञानोबा-तुकोबांनी आपल्याला गुहेत कोठे पाठवले? रस्त्याने, गर्दीतून, टाळांच्या कल्लोळातून चालवत नेले. बाहेरच्या कल्लोळात जे नाम चालते ते आतल्या रातकिड्याला भिऊन थांबेल काय? तो वाजत राहील, नाम चालत राहील; दोघांचे मार्ग वेगळे. आणि नामाने नाद थांबलाच पाहिजे अशी अट देवाला घालू नये. नाम हे औषध म्हणून घेतले की रोज त्याचा गुण मोजावासा वाटतो, आणि गुण न आला की नामच सुटते. देहाचे औषध देहाला द्यावे; नाम देवाचे म्हणून घ्यावे.

आता घरच्यांना दोन शब्द. "तुला भास होतो" असे कर्णनादाच्या माणसाला म्हणू नका. बाहेर काही वाजत नाही हे त्यालाही माहीत आहे. पण आत वाजते हे खोटे नाही. आणि जो खरोखरच टेकीला आला, ज्याला रात्र नकोशी, पुढे जगणेही नकोसे वाटू लागले, त्याला एकटा सोडू नका. त्याला त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्या. हे अशक्तपणाचे लक्षण नव्हे, मदत मागायची वेळ आहे.

आणि शेवटी आम्हां कीर्तनकारांना. गादीवरून आळसाची निंदा करायला सोपी असते. श्रोते हसतात, टाळ्या पडतात. पण समोरच्या बायकांत एखादी अशी बसलेली असते की जी तीन मैल चालून, देह ओढत, केवळ श्रद्धेने आलेली असते, आणि आमचा शब्द तिला देवाचा शब्द वाटतो. तिला पापी ठरवून आम्ही कोणाची सेवा केली? तिला एवढेच सांगावे की, "माऊली, एकदा रक्त तपासून घे." या वाक्यात प्रासादिक असे काही नाही, हे खरे. पण कालिदासाने कुमारसंभवात शंकराच्या तोंडून तपस्विनी पार्वतीला देह हेच धर्माचे पहिले साधन असे सांगवले आहे. जे सांगताना शंकराला कमीपणा वाटला नाही, ते सांगताना आपल्याला का वाटावा?

सज्जनहो, शेताची राखण करावी, औत मोडले तर सुताराकडे न्यावे, बैल थकला तर त्याला चारा घालावा, आणि पीक मात्र विठ्ठलाच्या पायी वाहावे. सकाळी गोळी, मग हरिपाठ, मग चहा. रात्री तंबोऱ्याचा मंद सूर आणि ओठांत नाम. एवढे पथ्य सांभाळून आषाढीला चंद्रभागेच्या वाळवंटात भेटू. तेथे टाळांचा एकच गजर उठेल तेव्हा ज्याच्या-त्याच्या कानातला रातकिडा कोठे आहे हे शोधायची आठवणही कोणाला होणार नाही. गजर संपल्यावर तो पुन्हा ऐकू येईल; येऊ द्या. त्याला म्हणावे, तूही चल, वाट पुरेशी रुंद आहे.

रामकृष्णहरि.